उन्हातला न्वार

आमच्या मस्कतमधल्या मराठी मंडळींचा एक नियम आहे. शुक्रवारी जमलो की एका मुलानं दहा मिनिटं शुद्ध मराठीत बोलायचं. ‘शुद्ध’ हा शब्द मोठ्यांना लागू नाही.

आमच्या लेकीची पाळी आली तेव्हा तिनं विषय घेतला फिल्म न्वार. म्हणजे अमेरिकेतले जुने काळेपांढरे गुन्हेपट. त्यात सगळे हॅट घालून सावलीत उभे असतात आणि कुणाचंच भलं होत नाही.

“आपल्या इब्रा गावच्या सहलीवर बोल की,” मी म्हटलं.

“बोअरिंग, आई.”

माबेलातल्या आमच्या घरून वादी कबीरला, त्या शुक्रवारच्या यजमानांकडे जाताना गाडीत तालीम चालली. नवरा इंजिनीअर; स्टिअरिंग हातात आलं की त्याच्यातला मराठीचा मास्तर जागा होतो.

“मग टीव्ही आला, रंगीत सिनेमा आला, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी न्वार वारला.”

“माणसं वारतात गं. सिनेमा मागे पडतो.”

“पण बाबा, तो खरंच खलास झाला होता!”

वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये बटाटेवड्यांचा वास सुटलेला. लेक अडखळत, पण न घाबरता बोलली. ‘सावली’ हा शब्द ऐनवेळी आठवेना, तर तिनं दिव्यासमोर हात धरून भिंतीवर ती पाडूनच दाखवली.

न्वार पुढे परत आला, असं सांगून तिनं संपवलं. यजमान काकांनी विचारलं, “रंगीत सिनेमात काळोखच गेला, तर हा परत आला कसा?”

“काका, जुने सिनेमे बघून वाढलेली मुलं सत्तरच्या दशकात डायरेक्टर झाली. लोकांचा सरकारवरचा विश्वास पण उडाला होता. मग त्यांनी तेच गुन्हे रंगीत दाखवले. भर उन्हात. ऊन अगदी आपल्या इथल्यासारखं.”

“म्हणजे उन्हातही लफडी होतात?”

“भरपूर,” काकू म्हणाल्या आणि काकांकडे बघत राहिल्या. सगळे हसले. काकांनी वडा उचलला.

परतताना गाडीत लेक पुढे वाकली.

“बाबा, खूप चुकलं का?”

“‘विश्वास पण’ नाही, ‘विश्वासही’,” तो म्हणाला. मग उगाच दोनदा खाकरला. “बाकी झकास.”

आता शुक्रवारी दुपारी आमच्याकडे पडदे ओढून न्वार चालतो. नवरा पहिल्याच प्रसंगात खुनी कोण ते ठामपणे सांगतो. आजवर एकदाही बरोबर आलेलं नाही. चूक अर्थातच डायरेक्टरची असते.