आत सोडत न्हाईत

आमच्या थोरल्या मामांसारखा कडक फौजी साऱ्या खटाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे ते एक दिवससुद्धा फौजेत नव्हते. भरतीला गेले तेव्हा छाती कमी भरली म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. खरं तर ते माझ्या आईचे मामा, वय ऐंशीच्या पुढं. मला त्यांच्याविषयी शिस्तीत, ओळीनं लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. कारण त्यांच्या ताटातसुद्धा मीठ, कांदा, भाकरी रांगेत लागते. एकदा मामीनं चटणी भलतीकडं वाढली, तर म्हणाले, "लाइन मोडली." मामी म्हणाली, "मग काय चटणीला माळावर पळवताय व्हय?"

हा माळ आमच्या गावाबाहेरचा. महायुद्धाच्या काळात तिथं सैनिकांना शिकवायची छावणी होती. आता बराकींचे नुसते चौथरे उरलेत, एक फुटकी पाण्याची टाकी आणि फाटकाचे दोन दगडी खांब. कुंपण कधीच गेलं. शेळ्या, मोटारसायकली, वारा, सगळे वाटेल तिथून आत शिरतात. मामा तेवढे शिरत नाहीत. रोज सकाळी खांबांपाशी येतात, उभे राहतात आणि परत जातात. शेळी आत गेली तर बाहेरूनच तिला हाका मारतात. शेळी त्यांना मुळीच जुमानत नाही. दिवाळीआधी खांबांना चुना देतात, तोही बाहेरच्या अंगानं. आतली बाजू माझ्याकडं. मी एकदा विचारलं, "मामा, आत गेला तर अडवतंय कोण?"

"परवानगी न्हाई."

"कुणाची?"

कॉलेजात जाऊन पोरगं वाया गेलं, अशा नजरेनं ते माझ्याकडं बघत राहिले.

खरं कारण मला आईनं सांगितलं. मामांचे वडील याच छावणीत शिकले. पलटण निघायच्या आधी मामांची आई तान्ह्या मामांना घेऊन फाटकाशी आली, बापाला पोर दाखवायला. पहारेकऱ्यानं सोडलं नाही. तिनं तिथूनच पोराला दोन्ही हातांनी वर धरलं. बाप मैदानात रांगेत उभा होता. त्यानं नुसतं पाहिलं. पुढं तो लढाईवरून परत आला नाही. मामा कधीही माळाकडं निघाले की त्यांची आई म्हणायची, "आत सोडत न्हाईत, बाळा." तिनं ते कधी मागं घेतलं नाही, आणि मामांनी कधी मोडलं नाही.

गेल्या साली गावातल्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी पळायला मैदान मागितलं. ग्रामपंचायतीनं जेसीबी धाडला. खांब आडवे येत होते. मामा दोन्ही खांबांच्या मधे जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळत बसला. पोरांची म्होरकी शेजारची स्वाती. ती आतल्या बाजूनं पुढं आली.

"आवं मामा, आमचं पळायचं वळण अडतंय खांबानं."

"पोरी, खांब काढलं तर मी थांबू कुठं?"

स्वाती जरा घुटमळली. मग म्हणाली, "कुठं अडतंय ते आत येऊन बघा तरी."

"सोडत्यात?"

तिला हसू येत होतं, पण तिनं मामांचा चेहरा पाहिला आणि टाचा जुळवून ताठ उभी राहिली. "परवानगी हाय. या."

मामांनी चपला काढल्या. अनवाणी, सावकाश चालत मैदानाच्या मधोमध गेले आणि वळले. मी फाटकातच उभा होतो. ते माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग तिथूनच म्हणाले,

"हितनं पोर लय बारीक दिसतंय रं. तोंड वळखंना."

वळणाचं त्यांनी काही विचारलं नाही. स्वातीनंच ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, वळण आतनं घ्या." पुढं मामा रोज फाटकाशी थांबायचे, पळणाऱ्यांपैकी कुणीतरी "या मामा!" म्हणून ओरडायचं, मगच ते आत पाऊल टाकायचे.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय. दिवाळीच्या सुट्टीत मी एकट्यानंच खांबांना दोन्ही अंगांनी चुना दिला. हात धुऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि वळून पाहिलं. दोन पांढरे खांब, आणि मधे नुसतं ऊन.