चिठ्ठ्या सुटलेल्या सहा बाटल्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे मामा म्हणजे स्वच्छतेचं वेड लागलेला माणूस. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण नळीवर पाण्याचा डाग दिसला की अजूनही जेवण जात नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी याच माणसानं द्रावणांच्या सहाही भरलेल्या बाटल्या चकाचक करायला साबणाच्या पाण्यात उभ्या केल्या. नावांच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि तरंगायला लागल्या!

बाहेरचे परीक्षक तासाभरात येणार होते, आणि माझी नोकरी कायम होणार की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं.

"मामा, कपाळ माझं! आता आम्ल कुठलं नि मीठ कुठलं?"

"ओरडू नका हो बाई. ओळखू की."

मामा एकेक बाटली पुढे सरकवायला लागले, मी तपासायला. निळा लिटमस लाल झाला: आम्ल. लाल निळा झाला: अल्कली. एकीत टॉर्चचा झोत आरपार पट्ट्यासारखा दिसला, ते स्टार्च. चौथीत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकताच पांढरा साका: मीठ. पाचवीतही लाल लिटमस निळा झाला, पण तळाशी गाळ बसलेला, ती चुन्याची निवळी. राहिली साखर. म्हटलं, खात्री करू. बशीत चार थेंब तापवले. करपट वास नाही, डाग नाही, काहीच नाही.

"मामा, हे नुसतं पाणी आहे!"

मामा भिंतीकडे बघायला लागले. "काल साखरेची लवंडली. तुम्ही अंगावर धावून याल म्हणून पाणी भरलं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात परीक्षक दारात! आणि नेमकी तीच बाटली उचलून त्यांनी थेंब तापवला.

"हे काय आहे?"

"साहेब, चूक माझी," मामा पुढे झाले. "बाईंच्या नोकरीला धक्का लावू नका."

मेली माझी जीभ!

"पाणी आहे, सर. द्रावण सांडलं, पण माझ्या धाकानं ते मला सांगू शकले नाहीत. चूक माझीच."

परीक्षकांनी नवं द्रावण करायला लावलं, परीक्षा घेतली आणि गेले.

आठवड्यानं अहवाल आला. मुख्याध्यापिकांकडून तो मामाच घेऊन आले आणि माझ्या हातात न देता त्यांनीच मोठ्यानं वाचला: "शिक्षिका प्रामाणिक आहेत, कायम करावे. मात्र सहायकावर ओरडू नये."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.