गुडघ्याची वाटी

मला एका जागी बसवत नाही. वर्गातसुद्धा मी खुर्चीवर बसून शिकवल्याचं कोणाला आठवणार नाही. 'हिच्या पायाला भिंगरी आहे' हे सासरी पहिल्याच वर्षी ठरून गेलं, आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात फुगडी रंगली. मोठी जाऊ आणि मी हात धरून गरगर फिरत होतो. फिरता फिरता माझा उजवा पाय लादीला चिकटून राहिला. अंग वळलं, पाय वळला नाही. आत 'टक्' झालं आणि गुडघा वाकलेलाच अडकला.

सासूबाई पुढे आल्या. गावात कोणाचं काही लचकलं-मुरगळलं की त्यांच्याकडेच आणतात.

"ढोपराची वाटी सरकली तुझी. बस हयसर." त्यांनी खोबरेल चोळलं, पोटरी धरून पाय ओढला, जरासा फिरवला. पुन्हा 'टक्', आणि पाय सरळ!

"बसली वाटी. जा, नाच आता."

मी नाचले. चांगली तीन दिवस, शेजारच्या वाडीतसुद्धा जाऊन. गुडघा पहिल्याच रात्री सुजला होता. सूज साडीखाली झाकली. चौथ्या दिवशी पायरी उतरताना तो पुन्हा अडकला. यावेळी सासूबाईंनी किती ओढला तरी सुटेना.

कणकवलीला डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडावर धरला. वाटी जागची हललीसुद्धा नव्हती. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, शहाळ्यातल्या मलईसारखा. त्या दोन टोकांच्या मध्ये कूर्चेच्याच दोन चंद्रकोरी, त्यांना गादी म्हणतात. पाय रोवलेला आणि अंग वळलेलं, की गादी चिमटते आणि फाटते. माझा फाटलेला तुकडा सांध्यात अडकत होता. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर भरून येऊ शकते. आतल्या कडेला पोचत नाही. माझी चीर आतल्या कडेची.

"नाचत राहिलात, त्यात चीर वाढली असणार," डॉक्टर म्हणाले. तुकडा काढावा लागला. फुगडी बंद.

घरी मी गादी फाटल्याचं सांगितलं, सुजेचं गिळून टाकलं.

त्यानंतर सासूबाईंनी कोणाच्या पायाला हात लावला नाही. एकदा शेजारीण पाय मुरगळून आली, तर "आधी फोटो काडून ये" म्हणून तिला परत पाठवलं आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. मला तसंही बसवत नाही, आणि ते हात बघून तर मुळीच बसवेना. लाज वाटत होती.

"आई," मी म्हटलं, "ढोपार पयल्याच रातीक सुजला होता. मी लपयलंय. तुमच्या हातान काय झाला नाय."



"माका ठावक आसा. लंगडताना बघलंय मी तुका," त्या म्हणाल्या. "पण 'जा, नाच' म्हणान कोणी सांगल्यान?"