सकाळचा पहिला गोळा

ट्युनिशियातल्या सेजनानच्या डोंगरावर अल्जियाला सगळे ओळखायचे ते तिच्या मातीच्या बाहुल्यांमुळे आणि तिच्या तोंडामुळे. दोन्ही कडक. चाकबिक काही नाही. नुसत्या हातानं माती थापायची, गोवऱ्यांत भाजायची, पानांचा रस लावून काळी नक्षी काढायची. साठी उलटली, तरी हिच्या दोन बाहुल्या कधी सारख्या निघाल्या नव्हत्या.

तेच नडलं. ट्युनिसचा व्यापारी हत्ताब आला, खांद्यावर वेणी घेतलेली एक नवरीची बाहुली त्यानं उचलली आणि म्हणाला, अश्शाच चाळीस हव्यात. सून मोंजिया हरखली. गळकं छप्पर यंदा तरी बदलेल. अल्जियानंही मनावर घेतलं. रोज सकाळचा पहिला गोळा ती खेळण्यात घालवायची, काहीतरी वेडंवाकडं करायची नि मोडून टाकायची. ते बंद केलं. म्हातारपणी कसली ही थेरं, असं स्वतःलाच बजावलं. चाळीस नवऱ्या वेळेत झाल्या, अर्धं छप्परही झालं.

मग शेजारच्या वसिलाचं लग्न ठरलं. या गावात लग्नाच्या मुलीला अल्जियाच्या हातची बाहुली मिळते आणि ती त्या मुलीसारखीच असते, हा शिरस्ता. वसिला ठेंगणी, गोबऱ्या गालांची, सदा पळत असलेली. अल्जिया बसली, आणि हातातून निघाली ती हत्ताबची नवरी. मोडली. पुन्हा तीच, खांद्यावर वेणी. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी ती खरंच घाबरली. लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि हात तिचे राहिले नव्हते.

लहानपणी शेळ्या चारताना पोरी एक खेळ खेळायच्या. एकीनं डोळे बांधायचे, दुसरीनं काहीही सांगायचं, ते मातीत करायचं. अल्जियानं डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि सुनेला हाक मारली. मोंजियाला पीठ मळायचं होतं, शेळ्यांना पाणी पाजायचं होतं. सासूला खूळ लागलंय, असं ती पुटपुटली. अल्जिया हटली नाही. रोज सकाळी हाक मारायचीच. मोंजियानं शेळी म्हटलं तरी अल्जियाची बोटं वेणीच वळायची. ती मोडायची आणि म्हणायची, "पुढचं सांग."

पाचव्या सकाळी मोंजिया वैतागली. "माझी सासू करा. चिडलेली."

अल्जियानं ओठ मिटले नि अंगठा दाबला. रुमाल वर केला तेव्हा समोर डोक्याला फडकं बांधलेली कोंबडी उभी होती, पंख कमरेवर, चोच उघडी. मोंजिया पिठाच्या हातांनी तोंड दाबून हसत सुटली. हसता हसता अल्जियाच्या डोळ्यांत पाणीच आलं. संध्याकाळपर्यंत मातीची वसिला तयार झाली: गाल फुगलेले, एक चप्पल हातात, पळत निघालेली.

लग्न पार पडल्यावर एका सकाळी हत्ताब पुन्हा दारात हजर. आता ऐंशी हव्या होत्या, महिन्याभरात. अल्जिया गोळा मळता मळता म्हणाली की पहिला गोळा माझ्या खेळाचा, मग तुमचं काम, वेळ लागेल. त्याला हसू आलं. या वयात खेळ कसला, म्हणत तो सुनेकडे वळला. "तूच समजाव गं हिला."

मोंजियानं एकदा वर पाहिलं. उरलेल्या अर्ध्या छपराखाली बादली ठेवलेलीच होती.

"घाई असेल तर दुसरीकडे बघा, भाऊ," ती म्हणाली. मग सासूपुढे येऊन बसली, डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि दोन्ही हात पुढे केले. "आई, सांगा. काय करू?"