चाकांच्या घराबाहेर काढलेल्या चपला

हसायचं तर हसा, पण आधी च्याची कपबशी खाली ठेवा, अंगावर सांडंल. जन्मभर मी लोकांना टोप्या घातल्या. पण एक टोपी मी माझ्याच डोक्यात घातली, आणि ती अशी मापात बसली की काय सांगू तुमाला.

मोखाड्याच्या कचेरीत मी शिपाई होतो. रिटायर झालो तवा माझ्याकडं दोन गोष्टी उरल्या, बायको जनी आणि फटफटी. आमच्या शेजारचे गुरुजी पण त्याच साली शाळेतनं सुटले. त्यांच्याकडं पण फटफटी. आमी दोघं पेन्शनवाले सकाळी फटफट्या पुसायचो. संध्याकाळी परत पुसायचो. जायचं कुठं?

एकदा दाभोशाचा धबधबा बघायला गेलो, जनी माझ्या मागं बसून. तिथं एक गाडी उभी होती. गाडी कसली, घर होतं ते. मुंबईकडचं म्हातारं जोडपं, आमच्यासारखंच रिटायर. आत खाट, गॅस, आरसा आणि नळ. नळ, बरं का. आमच्या आळीत नळ नाय आणि ह्यांच्या गाडीला नळ. मंग साहेबानं मागचं फळकूट खाली सोडलं, त्याची झाली उतरण, आणि गाडीच्या पोटातनं एकापाठी एक दोन फटफट्या बाहेर आल्या. म्हैस व्याल्यासारख्या. धबधबा बघायचा राहिला, मी गाडीच बघत बसलो.

मी विचारलं, "साहेब, घरपट्टी कुठल्या ग्रामपंचायतीत भरता?"

"घरपट्टी कसली? चाकं आहेत ना."

"आणि अंगण?"

"जिथं थांबू ते आमचं अंगण."

तीन रात्री मला झोप नाय. गुरुजींच्या घरी भाजी वाहायचा जुना टेम्पो पडून होता. सुताराला धरला. खाट झाली, फळ्या झाल्या, स्टो आला. नळ काय जमला नाय, तर हंड्याला तोटी लावली. राहिला एकच सवाल, फटफटी कुठं ठेवायची?

मी बोललो, "आत. माझ्या खाटेशेजारी."

गुरुजी बोलले, "नाना, पेट्रोलच्या वासात झोपणार काय? मागं फळी ठोकू, तिच्यावर उभी करू."

"मागं वजन झालं तर चढावर तोंड वर करंल तुमचा टेम्पो."

"मग वेगळा गाडा जोडू."

"आणि घाटात मागं घ्यायला लागला तर?"

महिनाभर हेच. शेवटी जनी बोलली, "फटफटीचं नंतर बघा. आधी मी एक दिवस ह्याच्यात बसून बघते. घर वाटलं तर येईन. नाय वाटलं तर तुमी जा, मी माझ्या चुलीपाशी बरी." गुरुजींची बायको बोलली, जनी हो बोलली तर मी पण येईन.

म्हणजे बघा, सगळं जनीच्या एका शब्दावर. ती नाय तर मी कुठं जाऊ? भाजीत मीठ किती घालायचं तेपण मला ठाऊक नाय.

जनीनं टेम्पोचा तळ शेणानं सारवला. दारावर तांदळाच्या पिठानं नक्षी काढली. नारळ फोडला आणि बोलली, "घर म्हणता ना? मंग चपला बाहेर."

गुरुजी बोलले, "वहिनी, मला गाडी चालवायची आहे."

"तुमी घरी चपला घालून चालता काय?"

गुरुजींनी गुपचूप काढल्या.

बाजाराच्या दिवशी आमी तिघं निघालो. माझी फटफटी तात्पुरती आतच बांधली, गुरुजींनी आपली घरीच ठेवली. पोशेऱ्याच्या पुढं दरीच्या काठाला गाडी लावली, खाली उतरून बघितलं, परत चपला बाहेर काढून आत चढलो. जनीनं दारात बसून च्या केला. अहो, त्या रस्त्यानं मी जन्मभर गेलो, पण आपल्या घराच्या उंबऱ्यात बसून दरी बघितली ती त्याच दिवशी. खाली ढग, वर आमी, हातात गरम कप. जनी हळूच बोलली, "घरच वाटतंय की वो."

मी खूश. गुरुजी खूश. गाडी सुरू केली आणि निघालो.

जव्हारला जनीनं डांबरावर पाय ठेवला आणि तसाच वर घेतला. "अवो, चपला?"

कुठल्या चपला? त्या आमच्या अंगणात. तिन्ही जोड जनीनं एका ओळीत लावलेले, तोंडं दरीकडं.

"तुमी इथंच थांबा, तासाभरात आणतो," बोललो, फटफटी उतरवली आणि अनवाणीच निघालो.

आता बाजाराच्या जीपा त्याच रस्त्यानं जातात. गुरुजींच्या चपला सगळा तालुका ओळखतो, वर्गाबाहेर दिसल्या की पोरं गप बसायची. मी पोचलो तर काठावर ही गर्दी. दोर सोडलेला, एक गडी दोराला धरून खाली झाडीत शोधतोय. बाया रडतायत. पोलीस पाटील चपलांपाशी उभे, कोणाला हात लावू देईनात.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुढं होऊन सांगितलं असतं. मी फटफटी वळणामागं लावली, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि गर्दीत घुसलो. आवाज बदलून पाटलांना विचारलं, "कोण गेलं वो?"

"गुरुजी गेले. देवमाणूस. आणि मोखाड्याचा तो शिपाई, बायकोसकट. सकाळी तिघं बरोबरच निघालेले."

"शिपाई कसा होता?"

पाटलांनी उसासा टाकला. "आता मेलेल्याबद्दल काय बोलायचं?"

हे काय झालं? माझ्यासाठी एवढी माणसं उन्हात उभी, बघून माझा ऊर भरून आलेला, आणि चांगला एक शब्द नाय? मी बोललो, "नाय, माणूस चांगला होता, मला माहिताय. आमचा दूरचा पाव्हणा."

मागनं कोणीतरी विचारलं, "आणि त्याची बायको?"

मी मागं न बघता बोललो, "ती फार कटकटी. घर घर करून तिनंच त्याला दरीत घातलं बघा."

पाटील माझ्या खांद्यावरनं मागं बघायला लागले. बाया रडायच्या थांबल्या. मी वळलो तर जनी. वाट बघून गुरुजींना टेम्पो वळवायला लावून मागं आलेली. पायात चपला असत्या तर वाजल्या तरी असत्या.

पाटील बोलले, "नाना, टॉवेल काढा आणि चपला घाला."

दोरावरचा गडी वर आला, पाय खरचटलेले, मला बघून बोलला, "हा हाय? मंग मी काय शोधत होतो खाली?" मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो.

जनी चप्पल घालून टेम्पोपाशी गेली, दारात काढली, आत बसली. माझा जीव टांगणीला. विचारलं, "जने, घर आवडलं ना?"

"आवडलं. मी येणार."

"आणि फटफटी? आत ठेवू?"

"नको."

"मागं फळीवर?"

"नको. गाडा पण नको."

"मंग कशी न्यायची?"

"तुमी चालवत आणा. मागनं."

तवापासनं गुरुजी, त्यांची बायको आणि जनी घरात बसून देश बघतात. समुद्र बघितला म्हणे, किल्ले बघितले. मी बघितलं टेम्पोचं मागचं फळकूट. त्याच्यावर जनीनं गुरुजींकडनं पिवळ्या रंगात कायतरी लिहून घेतलंय. मला वाचायला धड येत नाय, पण रोज बघून बघून तेवढे दोन शब्द आता बरोबर वाचतो. "अंतर ठेवा."