आगटीआबांचा एकदाच चुकलेला अंदाज

आगटीआबा कुठलीही वस्तू घेण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघत. माठ आणि कलिंगड तर सगळेच वाजवतात. आबा दारं वाजवत, पाट वाजवत, एसटीच्या सीटमागचा पत्राही वाजवत. आमच्या संगमनेरच्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी बैठकीतली भिंत वाजवली आणि भर पंगतीत सांगितलं, "दिनकरा, ही भिंत पोकळ हाय." माझी बायको सुनंदा पुढे दोन वर्षं त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिसऱ्या वर्षी टीव्ही टांगायला त्या भिंतीला भोक पाडलं, तेव्हा आबांचं खरं निघालं. पण हे त्यांना कळवावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात हुरड्याची आगटी पेटवावी ती त्यांनीच. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, आणि निखाऱ्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. दिसायला सोपं काम. पण दुसऱ्या कुणी भाजलं की अर्धं कणीस करपायचं आणि अर्धं कच्चं राहायचं. आबांच्या कणसाचा दाणा न् दाणा हिरवा राहून शिजलेला असायचा. विचारलं तर म्हणत, "जाळ कुनीबी लावतंय. वारा धरून ठिवता आला पायजे." आणि खड्ड्याच्या एका बाजूला राखेची चिमूट अशी सोडत, की जणू पोळीवर तूप सोडताहेत.

पुढे त्यांच्या मुलांनी रानात ऊस लावला. ज्वारी गेली, तशी आगटीही गेली. आबा तक्रार करणारे नव्हते, पण थंडी पडली की त्यांच्या हातांना काम सुचत नसे. मला एकदा म्हणाले, "दिनकरा, मरायच्या आधी अजून एक हंगाम आगटीवर बसायचं हाय. पैशे नकोत. बसाया मिळालं तरी बास." हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढे मी जे केलं ते या वाक्याचं केलं.

आता माझ्या शेगडीकडे येतो. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पन्नाशी जवळ आली की माणसं डोंगर चढू लागतात किंवा अध्यात्माला लागतात. मी सिरॅमिकच्या कोळशाच्या शेगडीला लागलो. मोठ्या अंड्यासारखी, जाड भाजलेल्या मातीची, वर घुमटासारखं झाकण. मोबाईलवर मी तिचे इतके व्हिडिओ पाहिले, की प्रत्यक्ष शेगडी न बघताच मी लोकांना सल्ले देऊ लागलो होतो. वही केली होती. भिंतीची जाडी, झाकणाची बिजागरी, वरची-खालची झडप, कुठल्या शेगडीत उष्णता किती तास टिकते, सगळं रकान्यांत लिहिलेलं. आठ महिने रकाने भरले आणि निर्णय होईना. शेवटी आबांना बोलावलं आणि आम्ही दोघे बसने पुण्याला दुकानात गेलो.

मला लाल रंगाची मोठी शेगडी हवी होती. तिला चाकं होती आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या होत्या. आबांनी ती बघितली आणि विचारलं, "तुज्या घरात किती मानसं जेवत्यात?"

"तीन."

"मंग ही कुनाला जेवू घालायची?"

विक्रेता हसला. मी हसलो नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ती शेजारच्या प्राध्यापकांना दाखवायची होती.

मग आबांनी विक्रेत्याकडे उदबत्ती मागितली. तो गोंधळला, पण काउंटरवरच्या देवापुढची एक त्याने आणून दिली. आबांनी ती लाल शेगडीत पेटती ठेवली, झाकण लावलं, दोन्ही झडपा बंद केल्या आणि उकिडवे बसून राहिले. झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ बाहेर आली. "हिच्यात वारा आपल्या मनानं येनार," आबा म्हणाले. कोपऱ्यात एक मध्यम, मळकट हिरवी शेगडी होती. तिच्यात धूर आतच राहिला आणि वरची झडप किंचित उघडल्यावर सरळ वर गेला. मग त्यांनी ती चहूबाजूंनी वाजवली. मंदिरातल्या लहान घंटेसारखा आवाज आला. "ही घे. पन पहिले चार जाळ हळू. नवी माती हाय, तिला सवय व्हऊ दे." माझ्या आठ महिन्यांच्या वहीत उदबत्तीला रकाना नव्हता.

परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात एक चांगला विचार आला. आयुष्यात मला चांगले विचार येतात, हे मी नाकारत नाही. माझा मेव्हणा विलास नगरजवळ हुरडा पार्टीचं केंद्र सुरू करणार होता. झोपाळे, बैलगाडी, फोटो काढायला जागा, सगळं ठरलं होतं. फक्त आगटीवर बसणारं पक्कं माणूस मिळत नव्हतं. मी आबांना म्हणालो, "शेगडीचं उद्घाटन तुम्हीच करा. विलासला बोलावतो. तुमच्या हातचं खाल्लं की तो हंगामभर तुम्हाला सोडायचा नाही." आबा खिडकीबाहेर बघत राहिले. चंदनापुरीचा घाट आल्यावर म्हणाले, "कवा यायचं?"

रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी दुकानाच्या टेम्पोतून आलेली हिरवी शेगडी गच्चीवर चढवली. आमच्याकडे नवी वस्तू आली की पूजा होते. मोटरसायकलची झाली, बोअरच्या पंपाची झाली, वॉशिंग मशीनचीसुद्धा झाली. हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, आता नारळ. सुनंदा खालून ओरडली, "फरशीवर फोडू नका हं, नवीन टाइल्स आहेत, तडा जाईल." मी आज्ञाधारक माणूस आहे. इकडेतिकडे दगड दिसला नाही. शेगडीचा काठ मात्र इंचभर जाड होता, भक्कम होता, आणि पूजाही तिचीच होती. मी नारळ तिच्या काठावर आपटला.

पहिल्या वेळी फुटला नाही. दुसऱ्या वेळी फुटला. त्याच वेळी मला आणखी एक आवाज ऐकू आला. वाकून बघितलं तर काठापासून खाली बोटभर लांबीची केसासारखी रेघ गेली होती. मी ती ओल्या फडक्याने पुसली. पुसून जात नव्हती. मग तिच्यावर मी कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. मला आजही सांगता येत नाही की तेव्हा माझ्या मनात भक्ती किती होती आणि दुसरं काय किती.

आबा सकाळीच आले. धुतलेलं धोतर, नवा टॉवेल, टोपी. आल्या आल्या शेगडी वाजवायला लागले. एका बाजूने घंटा वाजली, दुसऱ्या बाजूने वाजली. स्वस्तिकापाशी आल्यावर आवाज बदलला. तडकलेल्या माठासारखा बद्द आवाज होता तो. आबांनी तिथे पुन्हा एकदा वाजवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पूजा लई मनापासनं केलीस," ते म्हणाले.

"हो, आबा."

"आज पेटवायचीच का? चुलीवर करू की. मला काय, कुटंबी बसवा."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. इतकी रुंद वाट क्वचितच कुणी देतं. पण विलासची गाडी दारात लागली होती, शेजारचे प्राध्यापक जिना चढत होते, आणि चुलीवरच करायचं तर आठ महिने मी काय केलं, असा प्रश्न उभा राहणार होता. मी म्हणालो, "पाहुणे आलेत आबा, पेटवा."

आबांनी पेटवलं. मूठभर कोळसा, त्याहून जास्त नाही. खालची झडप करंगळीएवढी उघडी. आधी वांगी टाकली, मग मक्याची कणसं, मग मसाला लावलेली कोंबडी. तडा गेलेल्या बाजूला त्यांनी निखारा येऊच दिला नाही. पेशंटला कुशीवर झोपवावं तसा जाळ दुसऱ्या कुशीला ठेवला. तासभर ते शेगडीपासून हलले नाहीत. विलासने वांगं चाखलं आणि म्हणाला, "आबा, हे जमलंय. हे आपल्याकडे पाहिजे." मी पाहिलं, आबांच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झालं.

मग प्राध्यापकांनी आत काय चाललंय ते बघायला झाकण उचललं आणि सोडून दिलं. झाकण काठावर आदळलं. कडाक असा आवाज झाला, काठाचा ढलपा निघून खाली पडला आणि दोन निखारे विलासच्या चपलेपाशी घरंगळले. विलासने पाय वर घेतला. "आबा, जाळ जास्त झाला का?"

मी ताटात बघत होतो. ताटात अर्धं वांगं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते तोंडात घोळवत होतो, आणि तेवढ्यात आबा बोलले.

"व्हय. नव्या भांड्यावर हात बसला न्हाई अजून. माजाच अंदाज चुकला." आणि त्यांनी चिमट्याने निखारे उचलले.

आठवड्याने विलासचा फोन आला. "दाजी, वाईट वाटून घेऊ नका. म्हाताऱ्याला आता जमत नाही. माझ्याकडे लेकरंबाळं येणार, भाजलं-बिजलं तर?"

मी म्हणालो, "हो, वय झालंय त्यांचं."

त्याच आठवड्यात दुकानाकडून फॉर्म आला. शेगडीला तड्याची हमी होती, फक्त कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'अत्यंत अनुभवी माणसाने मंद आचेवर पेटवूनही पहिल्याच वापरात तडा गेला.' म्हणजे विलासपाशी आबा थकले होते आणि दुकानदारापाशी ते अत्यंत अनुभवी होते. दोन्ही ठिकाणी माझं काम झालं. नवा भाग आला, शेगडी पूर्ववत झाली. हिवाळाभर मी तिच्यावर भाकरीपासून पनीरपर्यंत सगळं भाजलं आणि लोक म्हणाले, दिनकररावांच्या हाताला गुण आहे.

आबांचा हंगाम गेला. गावात बसवेना म्हणून ते लेकीकडे, अकोले तालुक्यातल्या वरच्या अंगाच्या एका गावात राहायला गेले. तिथे भात पिकतो. हुरड्याची ज्वारी औषधाला नाही. संगमनेरहून अकोले म्हणजे तासाभराचाही रस्ता नव्हे. तो पार करायला मला सहा महिने लागले.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसून फणसाचे गरे काढत होते. बरेच वाळले होते. लेकीने चहा दिला आणि ती आत गेली. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आबा, त्या शेगडीवर नारळ मी फोडला होता. तडा आधीच गेला होता."

त्यांनी गरा पुसला, ताटलीत ठेवला. "मला कशापायी सांगतुयास? मी तर तिथंच हुतो."

"मला बोलायला हवं होतं."

"व्हय. पन ज्याला ठावं न्हाई, त्याला." मग ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "गरे खा. गोड हायेत."

मी खाल्ले. गोड होते. येताना आबा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि जीप येईपर्यंत पावसाचं, भाताच्या रोपांचं बोलत राहिले. मी विलासला सांगेन, असं मी त्यांना दोनदा म्हणालो. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. ती मान बसलेल्या विश्वासाची होती की सुटलेल्या नादाची, हे मला जीपमध्ये बसल्यावरही ठरवता आलं नाही.

विलासला सांगायचं ते फोनवर नको, समोरासमोर सांगू, असं ठरवलं. समोर भेटलो ते एका साखरपुड्यात, तिथे कसं सांगणार? दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा सासूबाईंना बरं नव्हतं. माझ्याकडे दर वेळी योग्य कारण होतं. रकान्यांत लिहिली असती तर वही भरली असती. पोळ्याच्या आधी आबा गेले. झोपेत गेले, असं लेकीने सांगितलं.

दहावा गावाकडे झाला. आमच्या भागात दहाव्याला प्रवचन होतं आणि मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, ज्यांनी आबांना कधी बघितलं नव्हतं असे दोघे सर्वांत जास्त वेळ बोलले. मग घरचा शिकलेला माणूस म्हणून माझं नाव पुकारलं. विलास दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता. गाव बसलं होतं. आबांची मुलं, लेक, सगळे होते. योग्य जागा आणि योग्य माणसं याहून वेगळी काय असतात?

मी बोललो. चांगलं बोललो, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. आबांची आगटी, त्यांचा साधेपणा, त्यांचा निर्मोही स्वभाव. एका बाईने डोळ्यांना पदर लावलेला मला वरून दिसला. शेवटी म्हणालो, "विस्तवाशी आयुष्य काढलेल्या या माणसाचा अंदाज कधी चुकला नाही." आणि हात जोडून खाली उतरलो.

पिंडाला कावळा शिवला, लोक उठू लागले. विलास माझ्याशेजारी चपला घालत होता. हळूच म्हणाला, "दाजी, एकदा चुकला होता की. तुमच्या गच्चीवर."

"तो आबांचा नव्हता," मी म्हणालो. "तडा माझ्या नारळाने गेला होता, आदल्या दिवशी. आबांना पेटवायच्या आधीच कळलं होतं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

विलासची एक चप्पल पायात होती, एक हातात. मग त्याने आबांच्या थोरल्या मुलाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि रिकाम्या होत चाललेल्या मांडवाकडे बघितलं.

"मला कशाला सांगता, दाजी," तो म्हणाला. "हे माईकवर सांगायचं होतं."

मी वळून बघितलं. माईकवाला वायर गुंडाळत होता.