आधी मी कशी होते

"मी 'क' म्हणालो की टेबलावर टिचकी मार," डॉक्टर म्हणाला.

ग, म, क. मारली. त, क. मारली. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी बादली पडली आणि माझं ध्यान गेलं ते गेलंच. डॉक्टर 'क' म्हणत राहिला, मी दाराकडं बघत राहिले. भोवतीची शिकाऊ डॉक्टरपोरं हसली.

"म्हशीसारखी बघतेय," त्यातला एक म्हणाला.

सांगलीचा दवाखाना. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. शिराळ्याकडच्या आमच्या गावात, शाळेतून येताना, पाटलाच्या उसाच्या ट्रॉलीनं मला उडवलं होतं. डोकं फुटलं. जखम भरली, पण तेव्हापासून मन एका जागी टिकेना. गुरुजींचं बोलणं अर्ध्यातच निसटायचं.

पाटीलच मला नि आईला जीपमधून घेऊन आलेला. उपकार म्हणून नव्हे. ट्रॉलीवर ठपका येऊ नये म्हणून डॉक्टर काय म्हणतो यावर त्याची नजर होती.

डॉक्टरनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्चीतल्या पाटलाला विचारलं, "आधीपासून अशीच का ही?"

"व्हय. जन्मापास्नंच. मांगवाड्यातली पोरं ही, ह्यास्नी डोस्कं कुठनं येणार?"

डॉक्टर हसला. "मग माराचा काही संबंध नाही. मंदच आहे."

आई फरशीवर बसलेली. रोज पाटलाच्याच रानात भांगलायला, तण काढायला जायची. तिनं मान खाली घातली. मी उठले.

"खोटं बोलतोय त्यो! मला इचारा. माझ्या आईला इचारा. सबंध कविता एका दमात म्हणायची मी. ह्येच्या ट्रॉलीनं माझं डोस्कं फोडलंय."

"गप्प बस गं!" पाटील ओरडला.

"न्हाई बसणार."

"बाहेर काढा हिला," डॉक्टर म्हणाला.

काढलं. पाटील जीप घेऊन निघून गेला. आम्ही एसटीनं आलो. आईचं पाटलाच्या रानातलं काम बंद झालं. ती खडी फोडायला जायला लागली. मला रागावली नाही, रडलीही नाही.

शाळेत पाटलाचा निरोप आधीच पोचलेला. गुरुजींनी मला मागं, दाराशी बसवलं. "मंद पोरगी. हिथं बस अन् ऊन खा."

मी उठून पुढं जाऊन बसले.

"दाराशी बसलं की ध्यान सुटतंय, गुरुजी. मी हितंच बसणार."

वेणी धरून मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी परत पुढं बसले. परत ओढलं. परत बसले.

माझं ध्यान आजही सुटतं. सुटू दे. पण मी कोण, कशी, हे ठरवायला मी पाटलाला बसवणार नाही. डॉक्टरलाही नाही.